मार्बलच्या बाथरूमवर "इम्पोर्टेड केमिकल" मारणाऱ्यांपासून सावध राहा (घोडबंदर रोड, ठाणे)

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांनी प्लीज वाचा, कारण तो माणूस अजून फिरतोय, परवाच कासारवडवलीच्या मैत्रिणीच्या गेटवर टेबल टाकून बसला होता.

आमच्याकडे टँकरचं नाहीतर बोरिंगचं पाणी, सगळं हार्ड वॉटर. त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि शॉवरच्या भिंतीवर पांढरट चिवट थर बसतो, आणि आमची भिंत मार्बलची. या डीप क्लीनिंगवाल्याने क्लबहाऊसच्या टॉयलेटमध्ये टाइलवर डेमो दिला, टाइल एकदम चकाचक, बघणारे सगळे खूश, आणि खरी लबाडी इथेच आहे, कारण टाइलच्या ग्लेझला असल्या ॲसिडने सहसा काही होत नाही पण मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला ॲसिड खातं. "मार्बलला चालेल ना?" असं सासूबाईंनी त्याला दोनदा विचारलं. "मावशी, स्पेशल मार्बलसाठीच आहे, इम्पोर्टेड." कॅनवर लेबल नाही. ॲडव्हान्स आधीच जीपेवर घेतलेला.

भिंतीवर ओतल्याबरोबर फसफसून फेस आला, नाक झोंबेल असा वास, आणि हा म्हणतो बघा कशी घाण निघतेय. घाण नाही हो, तो दगड विरघळत होता! मार्बलला ॲसिड लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच ते बुडबुडे. वरून कसलंतरी वॅक्स फिरवलं, भिंत चमकली, उरलेले पैसे घेऊन गेला. थोड्याच दिवसांत गरम पाण्याने वॅक्स उतरलं आणि खाली भिंत खडूसारखी, हात फिरवला तर खरखरीत. फोन केला तर म्हणे तुमचा दगडच हलका होता, पॉलिशचे वेगळे पडतील. आता तर नंबरच बंद. सासऱ्यांनी हौसेने बसवलेली भिंत आहे ती, फार जीव तुटतो बघून.

नंतर पॉलिशवाल्या एका जुन्या कारागिराला दाखवलं, त्याने सांगितलं की आता डायमंड पॅडने मशीन फिरवण्याशिवाय इलाज नाही, कुठल्याही क्लीनरने ती चमक परत येत नाही. मार्बलला आणि कोटाला लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर काहीच लावायचं नाही, कोटा पण चुनखडीचाच. साबणाचा थर काढायला पीएच न्यूट्रल स्टोन क्लीनर आणि मऊ ब्रश, आणि आंघोळ झाली की भिंतीवर वायपर मारायचा, थर बसतच नाही फारसा. कोणी घरी आलाच तर त्याचं लिक्विड आधी दाराआडच्या कोपऱ्यात एक थेंब टाकायला लावा, फसफसलं की तिथेच थांबवा.

आम्ही ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि भिंतीचे फोटो जोडून. तुमच्याकडेही हाच आला असेल तर तुमचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका आणि तुम्हीही तक्रार टाका.