रविवार आणि वाफसा: भाड्याच्या शेततुकड्यावर नऊ महिने

गेल्या जूनमध्ये इंदूरच्या खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे, ६०० चौरस फुटांचा एक तुकडा वर्षभरासाठी भाड्याने घेतला. १८,००० रुपये, एकरकमी. त्यात नांगरट, पहिलं शेणखत, ठिबकच्या नळ्या, रोपं-बियाणं आणि एक माळीकाका, जे असे चाळीसेक तुकडे सांभाळतात. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘आठवड्यातून फक्त दोन तास’. आम्ही लोकमान्य नगरात तिसऱ्या मजल्यावर राहणारे, शेतीचा अनुभव म्हणजे गच्चीतली तुळस आणि गवती चहा. दोन तास वाचून बायकोनेही मान डोलावली. आता मार्च लागलाय, तेव्हा असं काही घेऊ की नको या विचारात असलेल्यांसाठी लिहितोय.

दोन तासांचं आधी सांगतो. काम खरंच दोनेक तासांचं असतं, फक्त ते दोन तास कोणते हे माती ठरवते. आपली माळव्याची काळी माती. पावसात इतकी चिकटते की बांधावरून वाफ्यापर्यंत जाईतो प्रत्येक पायाला किलोभर चिखल. उन्हात फुटते तेव्हा भेगेत मनगटापर्यंत हात जातो. या दोन टोकांच्या मध्ये कधीतरी वाफसा येतो. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडला की फुटतो, तेव्हा खुरपं घ्यायचं. जुलै-ऑगस्टमध्ये हा वाफसा फार तर दीड-दोन दिवस टिकतो, आणि माझ्या नोंदवहीप्रमाणे तो बहुतेक वेळा मंगळवारी यायचा. रविवारी आम्ही डबा, सतरंजी, टोप्या घेऊन जायचो आणि चिखलाकडे बघत पोहे खाऊन परत यायचो.

पहिला फटका मिरचीला बसला. काकांनी गादीवाफा करायला सांगितलं होतं, मी व्हिडिओत बघितलेला देखणा सपाट वाफा केला. लागोपाठ तीन दिवस पाऊस झाला, पाणी तुंबलं, मुळं कुजली. ४० रोपांतली नऊ उरली. पुढच्या वेळी वीतभर उंच गादी आणि बाजूने चर काढला, तेव्हा वांगी आणि टोमॅटो तरले. भेंडीला मात्र केवडा झाला. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पानच पिवळं, मग भेंडीही. पांढरी माशी हा विषाणू पसरवते आणि रोग झालेल्या झाडावर औषध नाही, उपटून टाकायचं. पिवळे चिकट सापळे लावले, दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळ्या कुटून अर्क फवारला. त्याने माशी कमी झाली, पण ते सुरुवातीपासून करायचं असतं, पानं पिवळी पडल्यावर नव्हे.

तणाबद्दल काय सांगू! केना एका पावसात गुडघ्याला लागतो, पण तो उपटता तरी येतो. लव्हाळा वरून खुडला की खालची गाठ जमिनीत हसत राहते. सप्टेंबरभर मी लव्हाळ्याच्या गाठीच वेचत होतो. (योजनेत ‘तणनियंत्रण’ समाविष्ट होतं. ते बांधावर गवतकापणीचं यंत्र फिरवण्यापुरतं निघालं.)

ऑक्टोबरच्या उन्हात सहा दिवस मोटर बंद होती. तक्रार केली की ॲपवर ‘काम सुरू आहे’ असं यायचं आणि सोबत महिन्यापूर्वीचा हिरवागार फोटो. मी घरून चार कॅन पाणी गाडीत घालून नेलं. ओतलं तर ते भेगेतून सरळ पाताळात. काका बघत उभे होते. म्हणाले, “साब, ये पानी नी माँग री, गुड़ाई माँग री है.” खुरप्याने वरची दोन बोटं माती भुसभुशीत केली, भेगा बुजवल्या आणि मग झारीने थोडं थोडं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी खालची माती ओलसरच होती. ‘एक कोळपणी अर्धं पाणी’ हे लहानपणी आजोबांकडून ऐकलं होतं, पण तेव्हा ते शेतकऱ्याला कामाला लावायचं वाक्य वाटायचं. भेगा म्हणजे जमिनीतली ओल बाहेर जायची धुराडी. त्या बुजल्या की ओल आत राहते.

आता सगळ्यात आवडलेल्या कामाबद्दल: खत. जगभर ज्याला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ते कंपोस्ट आपल्याच गावचं आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली आणि यशवंत वाड यांच्यासोबत ही पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघालं. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे, ज्याच्यावरून मी वर्षानुवर्षं स्कूटर दामटत गेलोय. साधारण तीन भाग झाडपाला, एक भाग शेण, मध्ये थोडी माती आणि राख, असे थर लावायचे. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी पलटी मारायची. तीन महिन्यांत खत तयार.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेजारच्या शेतातलं सोयाबीनचं कुटार, गोठ्यातलं शेण आणि घरचा ओला कचरा असा ढीग लावला. पहिला ढीग गुडघ्याएवढाच केला, तो तापलाच नाही. छातीएवढा केल्यावर चौथ्या दिवशी आत खुपसलेली सळई हातात धरवेना. नोव्हेंबरमध्ये सकाळी सात वाजता दुसरी पलटी मारताना ढिगातून वाफ निघत होती आणि आम्ही दोघं तिथे हात शेकत उभे. जानेवारीत तगारीत घेतलं ते काळं, मोकळं आणि पहिल्या पावसाच्या वासाचं. सालं, देठं, कुटार काही ओळखू येत नव्हतं, आंब्याची एक कोय तेवढी तशीच होती. घरी मात्र कचरागाडीच्या मुलाने एकदा बायकोला विचारलं, “आंटी, आजकल खाना नहीं बनता क्या?”

हिवाळा म्हणजे या सौद्याचा खरा मोबदला. मेथी विसाव्या-पंचविसाव्या दिवशी हाताशी येते. मुळासकट उपटताना ओल्या मातीतून जो बारीक ‘टक्’ आवाज येतो तो मंडईतल्या जुडीत मिळत नाही. पण सगळी मेथी एकाच आठवड्यात तयार होते आणि त्याच आठवड्यात चोइथराम मंडीतही ती मातीमोल असते. जिन्यातल्या सगळ्या घरी वाटली, मग लोक बेल वाजली तरी दार उघडेनात. दर दहा दिवसांनी थोडी थोडी पेरायची, ही अक्कल डिसेंबरात आली. बटला (पुण्याची वहिनी याला मटार म्हणते आणि आमच्या गिलकीला घोसाळी) भरात असताना जानेवारीत रोजडे (नीलगाई) घुसले आणि एका रात्रीत दोन ओळी साफ. झटका तारेचं कुंपण कागदावर होतं, प्रत्यक्षात त्या कोपऱ्यात तार तुटलेली होती.

पैशांचा हिशेब करू नका. पेट्रोल धरून आमची भाजी मंडईपेक्षा महागच पडली.

एक गोष्ट मात्र हिशेबाबाहेरची. जूनमध्ये काकांनी गराडूचे (आमच्याकडचा कोनफळासारखा कंद) चार तुकडे कुंपणाशी लावायला दिले होते. वेल वर चढला आणि मी विसरलो. डिसेंबरात पानं पिवळी पडल्यावर खणायला घेतलं. वर वाळलेली जमीन लोखंडासारखी, पहार लागली, आणि पहिला कंद घाईत मधोमध तुटला. बाकीचे तीन आदल्या दिवशी पाणी सोडून, वाफसा येऊ देऊन, हाताने माती काढत काढले. दोन फूट खोल, वेडेवाकडे, एकाला तर चक्क पंजा होता. घरी दोनदा तळून वर लिंबू आणि जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी चाट मसाला. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत उभं राहून इतकी वर्षं खाल्ले, पण हात साबणाने घासताना नखांत माती असलेला गराडू हा पहिलाच.

तर घ्यावं का? नोकरीतून मधल्या वारी सकाळी तासभर निघता येत असेल तरच. फक्त रविवार मोकळा असेल तर नको. करार करण्याआधी मोटर बिघडली तर किती दिवसांत दुरुस्त होणार हे लिहून घ्या, कुंपणाभोवती स्वतः चक्कर मारा आणि शेजारच्या तुकडेवाल्याशी बोला. आम्ही पुढच्या वर्षासाठी ३०० चौरस फूटच घेतलेत आणि मी ऑफिसात मंगळवारची पाळी दुपारची करून घेतली आहे. तुटलेल्या गराडूचा वरचा डोळा असलेला तुकडा राख लावून जिन्याखालच्या टोपलीत ठेवलाय, जूनसाठी.