बटरफ्लाय सुई: २३ गेज घ्या, नळी आखूड घ्या

दोन प्लास्टिकचे पंख, १९ मिलीमीटरची सुई, मागे पारदर्शक नळी आणि नळीच्या शेवटी व्हॅक्यूम ट्यूबच्या (हवा काढलेली, रक्त स्वतः ओढून घेणारी ट्यूब) बुचात घुसणारी दुसरी सुई, तीही रबरी टोपीत झाकलेली. रक्त काढायचा बटरफ्लाय सेट म्हणजे एवढंच. हातावरच्या बारीक शिरा, लहान मुलं, म्हातारी माणसं, केमोथेरपीने कडक झालेल्या शिरा यांच्यासाठी याला तोड नाही. पण कोपरातली शीर दोरीसारखी जाड लागत असतानाही हाच सेट उघडायची सवय अनेकांना लागलेली असते. तिथे सरळ सुई आणि होल्डर (ट्यूब धरणारा प्लास्टिकचा कप) जास्त चांगले. नळीच नसेल तर नळीमुळे होणारे घोटाळेही होत नाहीत.

आधी माप. २१ गेजचे पंख हिरवे, २३ चे निळे, २५ चे नारिंगी. गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते: २१ चा बाहेरचा व्यास ०.८ मिमी, २३ चा ०.६, २५ चा ०.५. एकच माप साठवायचं असेल तर २३ घ्यावं. २५ बिचारी बदनाम आहे ती चुकीच्या जोडीमुळे. एवढ्या बारीक भोकातून मोठ्या ट्यूबचा व्हॅक्यूम जोराने रक्त ओढतो, लाल पेशी फुटतात आणि सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) गुलाबी उतरतं. मग पोटॅशियम आणि एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) खोटे वाढलेले दिसतात. बारीक सुईला कमी रक्त घेणारी छोटी ट्यूबच लावावी. २३ गेजलासुद्धा बारीक शिरेवर मोठी ट्यूब लावली तर शीर आतल्या आत चिकटते आणि धार थांबते. अशा वेळी सुई आत ढोसू नये. ट्यूब होल्डरमधून काढावी, शीर भरू द्यावी आणि छोटी ट्यूब लावून पाहावी.

पंखांचा खरा फायदा कोनात आहे. सरळ सुई साधारण १५ ते ३० अंशांत घालतात. बटरफ्लाय १० ते १५ अंशांत, जवळजवळ कातडीला समांतर जाते. अंगठा आणि तर्जनीत दोन्ही पंख वर दुमडून धरावेत, सुईचं तिरकं तोंड वर असावं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जागेच्या खालची कातडी ताणून धरावी. मनगटाच्या मागच्या शिरा कातडीखाली सरकतात; कातडी ताणली नाही तर सुई बाजूने निसटते. शिरेत शिरताच नळीच्या तोंडाशी लाल रेघ दिसते. साध्या सरळ सुईत ही खूण मिळत नाही. रेघ दिसली की सुई आणखी किंचितच पुढे न्यावी आणि पंख सपाट करून धरावेत. सुई टोचताना विजेचा झटका बसल्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली तर ती मज्जातंतूला लागली असं समजावं आणि लगेच बाहेर काढावी.

आता नळी. या सेटचा सगळ्यात मोठा दोष तिच्यात आहे. १८ सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर अशा दोन लांब्या मिळतात. लांब नळीत जवळपास अर्धा मिलीलीटर हवा असते आणि ती हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते. पहिली ट्यूब निळ्या झाकणाची सायट्रेटची (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असेल तर हिशोब बिघडतो: तिच्यात ०.३ मिली सायट्रेट, वर २.७ मिली रक्त, म्हणजे १ ला ९. अर्धा मिली हवा गेली की रक्त उरतं २.२ मिली आणि प्रमाण होतं १ ला ७ च्या आसपास. सायट्रेट जास्त झाल्याने पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या) उगाच लांबतात. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घेणाऱ्याचा डोस अशा आकड्यावर बदलला जाऊ शकतो. म्हणून बटरफ्लायने आधी एक फेकायची ट्यूब लावावी, नळी रक्ताने भरली की ती काढावी, मग खरी ट्यूब. फेकायची ट्यूब साधी, काहीही न घातलेली किंवा दुसरी सायट्रेटचीच असावी. लाल झाकण असलं म्हणून ती साधीच असेल असं नाही, आत क्लॉट अ‍ॅक्टिव्हेटर (रक्त लवकर गोठवणारा पदार्थ) आहे का ते वाचावं. ब्लड कल्चरला (रक्तातले जंतू वाढवून पाहायची चाचणी) याच हवेमुळे बटरफ्लायने एरोबिक, म्हणजे हवेत वाढणाऱ्या जंतूंची बाटली आधी. सिरिंजने घेतलं तर अनेरोबिक, म्हणजे हवेविना वाढणाऱ्यांची आधी.

ट्यूबचा क्रम कोणत्याही सुईला तोच: कल्चर, सायट्रेट, सीरम, हेपरिन, जांभळी ईडीटीए, शेवटी राखाडी फ्लोराइड (ही तिन्ही ट्यूबमधल्या रसायनांची नावं). ईडीटीए आधी लावली आणि तिचा थेंब सीरमच्या ट्यूबमध्ये गेला तर त्यातल्या पोटॅशियम क्षारामुळे पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं येतं. सायट्रेटची ट्यूब ३-४ वेळा, सीरमची ५, ईडीटीए ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करावी. सरबतासारखी हलवली की हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं, ठरलेलं.

चांगला सेटही वाईट तयारीला वाचवू शकत नाही. टर्निकेट (शीर फुगवायला बांधायचा पट्टा) टोचायच्या जागेच्या ७ ते १० सेंटिमीटर वर बांधावा आणि एका मिनिटाच्या आत सोडावा. शीर शोधण्यातच मिनिट गेलं तर सोडून दोन मिनिटं थांबावं. पेशंटला सारखी मूठ उघड-मीट करायला लावू नये, त्यानेही पोटॅशियम वाढतं. ७० टक्के अल्कोहोलने पुसून ३० सेकंद वाळू द्यावं. ओल्यावर टोचलं की झोंबतं, सॅम्पलही बिघडू शकतं.

सुरक्षेत या सेटचा एक गुण कापावा लागतो. पाकिटात वेटोळं झालेली नळी सुई बाहेर येताच स्प्रिंगसारखी उसळते आणि सुई कुठेही झुलते. त्यामुळे सेफ्टी यंत्रणा नसलेला सेट घेऊच नये. बटणवाला प्रकार उत्तम: टर्निकेट सोडायचा, शेवटची ट्यूब काढायची, जागेवर न दाबता गॉज ठेवायचा आणि सुई शिरेत असतानाच बटण दाबायचं. सुई आपोआप खोक्यात ओढली जाते, मग गॉज दाबायचा. सरकत्या झाकणाचा प्रकार चालतो, पण ‘टक’ आवाज येईपर्यंत झाकण सरकवायला अनेकांना दोन हात लागतात आणि त्या वेळी गॉज पेशंटलाच धरावा लागतो. टोपण परत लावायचं नाही. सेट नळी-होल्डरसकट शार्प्सच्या (वापरलेल्या सुया टाकायच्या) डब्यात, आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद.

नवा लॉट आला की होल्डर जिथे नळीला जोडतो तो सांधा फिरवून पाहावा. काही सेटमध्ये तो सैल असतो. तिथून हवा शिरली की ट्यूबमध्ये फेस येतो, व्हॅक्यूम अर्ध्यात संपतो आणि खापर मात्र पेशंटच्या शिरेवर फुटतं.