शाळेतील कलाशिक्षणासाठी निधी मिळवताना: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. वर्ग पहिली ते सातवी, पट १३४. गेल्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी कार्यानुभवाच्या साहित्याचे कपाट आवरायला घेतले, तेव्हा पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला होता, तबल्याची पुडी फाटलेली होती आणि रंगांच्या बाटल्यांत नुसते वाळलेले खडे उरले होते. परिपाठातली प्रार्थना मुले बाकावर ताल धरून म्हणत होती. त्या आठवड्यात मुख्याध्यापकांशी बोलून मी संगीत आणि चित्रकलेसाठी निधी शोधण्याचे काम अंगावर घेतले. शाळेला मिळणारे सरकारी अनुदान, शाळांना वस्तू आणि स्वयंसेवक मिळवून देणारे विद्यांजली पोर्टल आणि कंपन्यांनी सामाजिक कामासाठी खर्च करायचा सीएसआर निधी हे तिन्ही मार्ग या नऊ महिन्यांत प्रत्यक्ष वापरून झाले. ज्या शिक्षकांना जूनमध्ये हेच काम हाती घ्यायचे आहे, त्यांना उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. वाद्ये आणि रंग मिळवणे वाटते तितके अवघड नाही, पण ती वाद्ये शिकवणाऱ्या माणसाचे मानधन मिळवणे फार अवघड आहे, आणि म्हणून अर्जात मानधनाची मागणी सर्वांत आधी लिहावी.

सरकारी अनुदानाबद्दल थोडक्यात सांगते. समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे मिळते, आणि १०१ ते २५० पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला ५०,००० रुपये आहे. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करावा लागतो. उरलेल्या रकमेतून वीजबिल, खडू-स्टेशनरी, नळाची दुरुस्ती, पावसाळ्याआधी कौले बदलणे हे सारे भागवल्यावर पेटीच्या दुरुस्तीसाठी काही शिल्लक राहत नाही. यात कोणाचा दोष नाही. त्या रकमेवर गरजाच तेवढ्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे, परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट शंभरावर असेल तरच लागू होते. आमच्या सहावी-सातवीत मिळून ४१ मुले आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान गावांतल्या शाळांची स्थिती अशीच असल्याने हा मार्ग त्यांच्यासाठी मुळातच बंद आहे, ही गोष्ट मला मनापासून अन्यायाची वाटते.

शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली पोर्टलचे सध्याचे रूप सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळखक्रमांक, वापरून नोंदणी होते आणि मग शाळेने आपल्या गरजा दोन भागांत नोंदवायच्या असतात: एकात वस्तू, दुसऱ्यात सेवा, म्हणजे स्वयंसेवकाने येऊन शिकवणे. या पोर्टलवर रोख रकमेचा व्यवहार होतच नाही, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण अनेक शाळा त्याच अपेक्षेने नोंदणी करतात आणि मग निराश होतात. सुरुवातीला मी फक्त वस्तूंचीच यादी भरली होती. दोन महिने कोणीच विचारणा केली नाही. ऑगस्टअखेर सेवेच्या भागात ‘आठवड्यातून दोन दिवस, शेवटच्या दोन तासिका, पाचवी ते सातवीसाठी तबला व हार्मोनियम’ अशी नेमकी नोंद केली, तेव्हा तीन जणांनी तयारी दाखवली. त्यांपैकी एकांना फक्त ऑनलाइन शिकवणे शक्य होते आणि एकांना आमचे गाव दूर पडत होते. तिसरे मात्र तालुक्याच्याच गावातले निवृत्त संगीतशिक्षक निघाले. ओळखपत्र आणि पूर्वीच्या शाळेचा दाखला पाहून, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून आम्ही त्यांना रीतसर बोलावले.

गुरुजी स्वतःचा तबला घेऊन एस. टी. ने आले. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना वाजवायला दिलेच नाही. हातोडीने तबल्याच्या कडेच्या विणीवर, म्हणजे गजऱ्यावर, ठोके देत एकेक घर सुरात आणताना त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून फक्त ऐकायला सांगितले. चौथ्या की पाचव्या तासिकेला सहावीतल्या एका मुलीची तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, अशी नेमकी पडली की ‘ना’ हा बोल खणखणीत वाजला. तिने हात तसाच धरून ठेवला आणि पुन्हा वाजवून पाहायला ती घाबरू लागली. त्या मुलीने तोवर वर्गात क्वचितच तोंड उघडले होते. पोर्टलने आम्हाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हे गुरुजी. तरीही बहात्तर वर्षांच्या माणसाने स्वतःच्या खर्चाने आठवड्यातून दोनदा यावे, ही व्यवस्था टिकणारी नव्हती आणि योग्यही नव्हती.

म्हणून मी सीएसआरकडे वळले. याबाबत शिक्षकांमध्ये बरेच गैरसमज आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. कोणत्या कामांवर, ते याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलेले आहे, आणि त्यात शिक्षण आहे तसेच पारंपरिक कलांचा विकासही आहे. आपला अर्ज यांपैकी कोणत्या बाबीत बसतो ते पहिल्याच परिच्छेदात लिहावे. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. त्यामुळे मुंबईतल्या मोठ्या नावांमागे न लागता मी राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जाऊन आमच्या जिल्ह्यात कोणत्या कंपन्यांनी शिक्षणावर खर्च केला ते पाहिले. हे पोर्टल राज्य, जिल्हा आणि विषय यांप्रमाणे माहिती दाखवते आणि त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. एका संध्याकाळी बसून अर्ज पाठवण्याजोगी सहा नावे हाती आली.

पहिला अर्ज मी दीड लाख रुपयांचा केला होता. त्यात ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ हे शब्द चार वेळा होते आणि पैसे नेमके कशावर खर्च होणार ते कुठेच नव्हते. सहाही ठिकाणांहून उत्तर आले नाही. ऑक्टोबरमध्ये तो अर्ज बाजूला ठेवून नवा लिहिला. पेटी, तबला-डग्गा आणि दोन ढोलक्या यांसाठी मिरजेतल्या तीन दुकानांची दरपत्रके घेतली, सर्वांत योग्य दराने २९,५०० रुपये होत होते. वर्षभराच्या चित्रकला साहित्यासाठी १३,००० आणि गुरुजींच्या ४० फेऱ्यांचे प्रत्येकी ५०० रुपयांप्रमाणे २०,००० रुपये मानधन धरले. एकूण ६२,५००. सोबत समितीचा ठराव, पटसंख्येचा दाखला, मोडक्या पेटीचे छायाचित्र आणि त्या मुलीच्या ‘ना’बद्दल पाच ओळी जोडल्या. पंधरा दिवसांत एका कंपनीचा फोन आला.

येथे खरी अडचण समोर आली. मानधन कंपनीने थेट देणे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते, आणि मध्ये संस्था घ्यायची तर तिला प्राप्तिकर खात्याची १२-ए व ८०-जी नोंदणी आणि सीएसआरची कामे करणाऱ्या संस्थांना मिळणारा सीएसआर-१ क्रमांक हवा, जो जिल्हा परिषद शाळेकडे असत नाही. शेवटी तालुक्यातल्या एका नोंदणीकृत विश्वस्त संस्थेने ती जबाबदारी घेतली. वाद्ये आणि साहित्य कंपनीने दुकानदाराला परस्पर पैसे देऊन शाळेच्या नावे घेतले, तर मानधन संस्थेमार्फत दरमहा गुरुजींच्या खात्यावर जमा होऊ लागले. दर महिन्याला हजेरीपत्रकाची प्रत आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, तेवढे लिखाण मी आनंदाने करते. असे काही करायचे असेल तर सुरुवातीपासूनच अशी एखादी संस्था सोबत घ्यावी. माझे दोन महिने तिच्या शोधात गेले.

एक तक्रारही नोंदवते. दुसऱ्या एका कंपनीने, तिचे नाव लिहीत नाही, आमच्या यादीतले काही न देता २०० रंगपेट्या पाठवल्या, सोबत फलक आणि छायाचित्रकार होते. कार्यक्रम दीड तास चालला, तेवढा वेळ मुले उन्हात बसली होती. पेट्यांतले खडू इतके मेणचट होते की कागदावर रंगच उमटेना. देणगी स्वीकारण्यापूर्वी नमुना मागवणे हा शाळेचा अधिकार आहे आणि तो आपण संकोचाने सोडू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

गावातल्या आणि बाहेरगावी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांकडूनही मदत मिळते, मात्र शिक्षकाने ती कधीही स्वतःच्या खात्यावर किंवा स्वतःच्या मोबाइलच्या क्यूआर कोडवर घेऊ नये. ठराव करून समितीच्या खात्यावर घ्यावी आणि पावती द्यावी. देणगीदार करसवलतीबद्दल विचारतातच, तेव्हा वस्तुरूप देणगीला ८०-जीची सवलत मिळत नाही आणि दोन हजारांवरील रोख देणगीलाही मिळत नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावे. नंतरचा गैरसमज टळतो.

बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेचा ‘कली-कलिसु’ हा कलाशिक्षणाचा उपक्रम मला फार आवडला, पण तो कर्नाटकातल्या शाळांसाठी आहे. बेळगाव भागातल्या मराठी शाळांच्या शिक्षकांनी तो अवश्य पाहावा. एखादे मूल विशेष गुणी असेल तर सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची १० ते १४ वयोगटासाठीची शिष्यवृत्ती असते; आमच्या त्या मुलीचा अर्ज पुढच्या वेळी भरायचे गुरुजींनी ठरवले आहे.

मानधनाची तरतूद या मार्चअखेर संपत आहे. समितीच्या गेल्या बैठकीत पालकांनी आठवड्यातल्या एका फेरीचे मानधन, म्हणजे वर्षाचे सुमारे १८,००० रुपये, लोकवर्गणीतून देण्याचे मान्य केले. आठवड्यातल्या दुसऱ्या फेरीच्या मानधनासाठीचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नव्या वर्षाचा निधी ठरण्याआधी द्यायचा आहे. त्याचा पहिला मसुदा तयार आहे, आणि त्यात मानधनाचा आकडा या वेळी पहिल्याच ओळीत आहे.