लो-वॉटर अलार्म नऊ महिने वापरल्यावर: सेल संपला तरी कळत नाही

गेल्या रविवारी माझ्या छोट्या वाफेच्या रेल्वे-इंजिनावरचा लो-वॉटर अलार्म, म्हणजे बॉयलरातलं पाणी कमी झालं की बझर वाजवणारं यंत्र, बंद पडलेला सापडला. कधीपासून बंद होता ते मला सांगता येत नाही, आणि हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठीच. आतला नऊ व्होल्टचा सेल संपला होता, त्यामुळे बझर गप्प. पाणी भरपूर असतं तेव्हाही बझर गप्पच असतो. मग चालवणाऱ्याने फरक ओळखायचा कसा?

इंजिन पाच इंच गेजचं (रुळांमधलं अंतर पाच इंच), ०-६-० टँक (सहा चाकं, पाण्याची टाकी इंजिनावरच), तांब्याचा बॉयलर, दाब ९० पीएसआय (चौरस इंचाला ९० पौंड). मी इंग्लंडात मिडलँड्सला राहतो. इथल्या मॉडेल इंजिनिअरिंग क्लबच्या रुळांवर एप्रिल ते ऑक्टोबर बहुतेक रविवारी ते धावतं आणि मागच्या ट्रॉल्यांवर लहान मुलं बसलेली असतात. बॉयलरच्या बाबतीत 'चालतंय की' म्हणणं मला परवडत नाही.

अलार्म फेब्रुवारीत ८५ पौंडांना घेतला. रचना साधी आहे. बॉयलरच्या भोकात बसवलेल्या बुशमधून टेफ्लॉनचं वेष्टण असलेली स्टीलची सळई आत जाते आणि तिचं टोक फायरबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरातल्या आगीच्या पेटीच्या, माथ्याच्या थोडं वर राहतं. सळई पाण्यात बुडालेली असेपर्यंत पाण्यातून बॉयलरच्या अंगाकडे बारीकसा प्रवाह जात राहतो. पाणी खाली गेलं की प्रवाह तुटतो आणि चार-पाच सेकंदांनी बझर वाजतो. चढावर पाणी हिंदकळतं, म्हणून तेवढी उसंत ठेवली आहे. ते बरोबर केलंय.

पहिले दोन महिने मात्र मी वैतागलो होतो. इकडे नळाचं पाणी जड, त्याने बॉयलरात क्षार धरतात, म्हणून आम्ही पावसाचं साठवलेलं पाणी वापरतो. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने ते वीज नीट वाहून नेत नाही. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत (गेज ग्लासमध्ये) पाऊण पाणी आणि बझर कोकलतोय, असं दर रविवारी. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, नळाचं पाणी वापरा. ८५ पौंडांचा अलार्म सांभाळण्यासाठी बॉयलरात क्षार साचू द्यायचे, हा कुठला सल्ला! दुसऱ्या पत्रानंतर कळलं की अलार्मच्या डबीत संवेदनशीलता वाढवायचा एक बारीक स्क्रू आहे. माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. तो फिरवला, आणि त्याच सुमारास टाकीत टॅनिनचं बॉयलर-औषधही घालायला लागलो. त्यानंतर खोटा गजर बंद झाला.

तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी दोन तारे दिले असते. जुलैत मत बदललं.

त्या दिवशी गेज ग्लास अर्ध्याहून जास्त भरलेला दिसत होता आणि बझर वाजला. जुन्या अनुभवाने माझा हात आधी बझर बंद करायच्या बटणाकडेच गेला. पण मागे मुलं होती, म्हणून गाडी थांबवली, त्यांना उतरवलं आणि काचेचा ब्लोडाउन, म्हणजे काचेतलं पाणी बाहेर सोडणारा कॉक, उघडला. काच रिकामी झाली. कॉक बंद करून वाट पाहिली, पाणी परत आलंच नाही. खालच्या कॉकच्या वाटेत क्षाराची खपली अडकली होती. अशा वेळी वरून आलेल्या वाफेचं काचेतच पाणी होत राहतं, त्यामुळे बॉयलर रिता होत असताना काच भरलेली दिसते. मी पाणी भरायच्या पंपाला हात लावला नाही. माथा उघडा पडला असेल तर तापल्या तांब्यावर गार पाणी सोडायचं नसतं. आगीखालच्या जाळीची पिन ओढून आग खाली पाडली. इंजिन निवल्यावर पाहिलं, तर माथ्यावर अजून पाणी होतं. थोडंच, पण होतं.

या दाबाला पाण्याखालचं तांबं १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. पाणी हटलं की ते निखाऱ्यांच्या तापाने तापतं आणि मऊ पडतं. सेफ्टी व्हॉल्व्ह इथे कामाचा नाही, कारण तो दाब बघतो आणि दाब तर नेहमीचाच असतो. मोठ्या इंजिनांच्या माथ्यात शिशाचा वितळणारा बूच बसवतात, आमच्या छोट्या बॉयलरांना तो सहसा नसतो. जून १९९५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गच्या पर्यटक गाडीच्या १२७८ नंबरच्या इंजिनात पाणी कमी पडून फायरबॉक्सचा माथा फाटला आणि तिघे भाजले. तिथेही गेज ग्लासच्या वाटांमध्ये क्षार साचलेले सापडले होते. ते वाचलं होतं मी, पण माझ्या काचेबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

तेव्हा हा अलार्म घेतल्याचं मला समाधान आहे. आणि म्हणूनच त्या सेलचा इतका राग येतो. सळईची तार तुटली तर बझर वाजतो, म्हणजे तारेचा विचार बनवणाऱ्याने नीट केला आहे. सेलचा केलाच नाही. पाणी आहे आणि यंत्र जिवंत आहे, हे सांगणारा एक हिरवा दिवा हवा होता, बाकी काही नको. तसं कंपनीला लिहून विचारलं तर म्हणाले, त्याने सेल लवकर संपेल. मंद एलईडीला दोन मिलिअँपिअर पुरतात. सेल ५०० मिलिअँपिअर-तासांचा धरला तरी २५० तास झाले. मी रविवारी पाच तास इंजिन चालवतो. बाकीचं सर्किट थोडी वीज खाईल हे धरूनही अख्खा मोसम निघतो. एलईडी काही पेन्सना मिळतो. ८५ पौंड घेताना तो घालायला काय हरकत होती?

शेवटी मीच बसवला, तासाभराचं काम. दिवा हिरवा असेल तरच गाडी हलते. शिवाय आग पेटवल्यावर आधी ब्लोडाउन उघडून काच रिकामी करतो आणि पाणी झटकन परत येतंय का ते बघतो, मग सळईची तार क्षणभर काढून बझर ऐकतो. क्लबच्या वार्षिक स्टीम टेस्टमध्ये पूर्ण आग आणि ब्लोअर (आग फुलवणारा वाफेचा झोत) चालू ठेवून दाब ९९ पीएसआयच्या वर जात नाही ना, ते पाहतात. पाणी भरायच्या दोन स्वतंत्र सोयीही पाहतात. हा अलार्म तिथे कोणी तपासत नाही, तो ज्याचा त्याने तपासायचा.

आज चार तारे. ज्यांना हिरवा दिवा स्वतः जोडता येत नाही, त्यांनी तूर्त घेऊ नये. कंपनीला आणखी एक पत्र पाठवलंय, दिव्याच्या सर्किटचं चित्र सोबत जोडून. उत्तर आलं की इथेच लिहीन.