ट्रॅक-बी एफसी रिसेप्टर प्रोटीन: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या परळच्या प्रयोगशाळेत मानवी ट्रॅक-बी रिसेप्टरचे रिकॉम्बिनंट (जनुक घालून दुसऱ्या पेशींत बनवून घेतलेले) प्रोटीन आले आणि तेव्हापासून जवळजवळ दर आठवड्याला ते माझ्या हाताखालून गेले आहे. हे महागडे प्रोटीन मागवण्याच्या विचारात असलेल्या विद्यार्थ्यांना आणि प्रकल्प साहाय्यकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः या रेणूच्या घडणीबद्दल आहे.

ट्रॅक-बी हा चेतापेशीच्या पटलावरचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश झेलणारे प्रोटीन. 1982 मध्ये बार्ड, एडगर आणि थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून जो वाढघटक वेगळा केला, तो बीडीएनएफ, याच रिसेप्टरला घट्ट बांधला जातो. तो बांधला गेला की दोन रिसेप्टर एकमेकांजवळ येतात, त्यांच्या आतल्या बाजूचे कायनेज (फॉस्फेट जोडणारे एन्झाइम भाग) एकमेकांना फॉस्फेट जोडतात आणि संदेश पेशीत उतरतो. आमच्या व्हायलमध्ये मात्र रिसेप्टरचा फक्त बाहेरचा भाग आहे. पटलात रुतणारा भाग आणि कायनेज दोन्ही वगळून, त्याच्या शेपटाला मानवी आयजीजी-1 अँटिबॉडीचा एफसी तुकडा (अँटिबॉडीचा बुंध्याकडचा भाग) जोडलेला आहे. त्यामुळे हे प्रोटीन बीडीएनएफला धरते, पण स्वतः कोणताही संदेश देत नाही. पेशींच्या द्रवात ते घातले की बीडीएनएफ पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवला जातो, आणि आम्हाला नेमके तेच हवे होते.

व्हायल आली तेव्हा सर्वप्रथम जेल केले, म्हणजे प्रोटीन वजनानुसार वेगळे करून पाहिले. अमिनो आम्लांच्या हिशेबाने एका साखळीचे वजन 70 किलोडाल्टनच्या आसपास यायला हवे. आमचा बँड 100 च्या वर आणि तोही पसरट आला. सोबतच्या विद्यार्थिनीला वाटले की चुकीचे प्रोटीन आले. पण हे प्रोटीन सस्तन प्राण्यांच्या पेशींत तयार केलेले असल्याने त्याच्यावर साखरेच्या साखळ्या भरपूर असतात, आणि त्या प्रत्येक रेणूवर सारख्या नसतात. साखर कापणारे एन्झाइम घालून तोच नमुना पुन्हा चालवला, तेव्हा बँड खाली सरकला आणि आटोपशीर झाला. रिड्युसिंग एजंट (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) न घालता चालवल्यावर तो दुप्पट वजनावर दिसला, कारण एफसीमुळे दोन साखळ्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात. शुद्धतेबाबत माझी काहीच तक्रार नाही.

पहिली मोठी चूक आमच्याच हातून झाली, आणि ती हिशेबाची होती. उंदराच्या पिलांच्या कॉर्टेक्समधल्या चेतापेशींना आम्ही प्रति मिलिलिटर 50 नॅनोग्रॅम बीडीएनएफ देत होतो. ते अडवायला 200 नॅनोग्रॅम रिसेप्टर, म्हणजे वजनाने चौपट, पुरेसे वाटले. फॉस्फो-ट्रॅक-बीचा, म्हणजे संदेश मिळून फॉस्फेट जोडल्या गेलेल्या रिसेप्टरचा, बँड कमी झाला, पण गेला नाही. दोन आठवडे आम्ही प्रोटीनलाच दोष देत राहिलो. मग एका दुपारी वहीत रेणूंचा हिशेब मांडला. बीडीएनएफची जोडी सुमारे 27 किलोडाल्टनची, म्हणून 50 नॅनोग्रॅम म्हणजे जवळजवळ 2 नॅनोमोलर. साखरेसकट रिसेप्टरची जोडी 200 किलोडाल्टनच्या पुढची, म्हणून 200 नॅनोग्रॅम म्हणजे जेमतेम 1 नॅनोमोलर. पाहुण्यांच्या निम्मीच पाने मांडली होती, तर बाकीचे पाहुणे पेशींकडे जाणारच. मात्रा 1 मायक्रोग्रॅमवर नेली, बीडीएनएफबरोबर अर्धा तास आधी मिसळून ठेवली, आणि बँड पूर्ण नाहीसा झाला. त्याच मात्रेत नुसते एफसी घातलेल्या पेशींत बँड तसाच राहिला. हे नुसत्या एफसीचे कंट्रोल स्वतंत्र विकत घ्यावे लागते, पण त्याशिवाय निकालाला अर्थ नाही. पहिल्याच ऑर्डरमध्ये ते मागवावे.

दुसरी अडचण बीडीएनएफच्या स्वभावाची आहे, पण तिचे खापर रिसेप्टरवर फुटते. बीडीएनएफवर धन विद्युतभार जास्त असल्याने ते प्लास्टिकला चिकटते. एलायझासाठी (प्लेटवर अँटिबॉडीच्या मदतीने प्रोटीन मोजण्याची चाचणी) साध्या नळ्यांत पातळ द्रावणे केली की स्टँडर्ड कर्व्हचे (ठाऊक मात्रांच्या आलेखाचे) खालचे टोक जमिनीला टेकते आणि रिसेप्टर कमजोर आहे असे वाटू लागते. कमी चिकटणाऱ्या नळ्या आणि बफरमध्ये 0.1 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन), एवढ्याने आमची कर्व्ह सरळ झाली. रेणूंची पकड चिपवर मोजणाऱ्या प्लाझ्मॉन रेझोनन्सच्या यंत्रावरही तीच गोष्ट: चिपचा ऋणभारित डेक्स्ट्रान थर बीडीएनएफला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे रिसेप्टर नसलेल्या रेफरन्स चॅनेलवरही संकेत चढतो. मीठ वाढवल्यावर तो बराच उतरला.

आता एफसीविषयी, कारण या उत्पादनाची सगळी सोय आणि सगळी मेख तिथेच आहे. एफसीमुळे ते प्रोटीन-ए (एफसीला धरणारे प्रोटीन) वर अलगद पकडता येते आणि दोन हातांनी धरल्यासारखी पकड मिळते. पण ऑक्टोबरमध्ये आम्ही मानवी सीरमकडे वळलो आणि प्लेटचे सगळे खाने पिवळे झाले, शून्याचेसुद्धा. एंझाइम जोडलेली दुय्यम अँटिबॉडी उंदराच्या आयजीजीविरुद्धची होती, आणि ती कोटिंगमधल्या मानवी एफसीलाही चिकटत होती. बायोटिन लावलेली शोधक अँटिबॉडी आणि बायोटिनला धरणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरल्यावर ब्लँक (शून्याचा खाना) स्वच्छ झाला. तरी सीरमसाठी हिस्टिडिन टॅगचे (एफसीऐवजी हिस्टिडिनची छोटी शेपटी असलेले) ट्रॅक-बी घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. सीरममधले बीडीएनएफ बहुतांश रक्त गोठताना प्लेटलेटमधून सुटलेले असते, त्यामुळे नमुना किती वेळ ठेवून मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला हेही प्रत्येक वेळी सारखेच असावे लागते. त्यात ढिलाई झाली तर कोणताही रिसेप्टर आकडे सावरू शकत नाही.

मुंबईच्या हवेबद्दल लिहिले नाही तर हा अनुभव अपुरा राहील. सुकवलेली पावडर काचेला धुक्यासारखी चिकटलेली असते, कधी झाकणातही. जुलैत फ्रीझरमधून काढलेली व्हायल लगेच उघडली, तर दमट हवा आत शिरून काचेवर पाण्याचे थेंब जमतात. बंद व्हायल अर्धा तास टेबलावर ठेवावी, सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवावी आणि मगच उघडावी. पहिल्या खेपेला वितरकाकडून आलेल्या खोक्यात ड्राय आइस पूर्ण उडून गेला होता. पावडर असल्याने प्रोटीन वाचले, पण आठ दिवस पत्रव्यवहार करूनही आम्हाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, याचे वाईट वाटते.

टिकाऊपणाची परीक्षा ऑगस्टमध्ये आपोआप झाली. विरघळवलेले प्रोटीन छोट्या भागांत वाटायचे काम ज्या सहकाऱ्याकडे होते, तो कुर्ला-सायनच्या मध्ये रुळांवर पाणी आल्याने पोहोचूच शकला नाही, आणि नळी दोन दिवस 4 अंशांवर राहिली. त्यानंतर तिची पकड ताज्या नळीइतकीच भरली. याउलट, चार वेळा गोठवून वितळवलेल्या नळीची ताकद स्पष्ट घटली होती. म्हणून आता आम्ही 10 मायक्रोग्रॅमचे भाग करतो आणि उरलेले परत गोठवत नाही.

डिसेंबरात दुसऱ्या लॉटची (उत्पादनाच्या वेगळ्या खेपेची) व्हायल उघडली. डेटाशीटवरची कार्यक्षमता तीच होती, तरी आमच्या एलायझात निम्मा संकेत मिळण्यासाठी लागणारे बीडीएनएफ जवळजवळ दीडपट निघाले. माहितीपत्रकाच्या मर्यादेत हे बसते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण दोन लॉटचे आकडे एकाच आलेखात मिसळणे योग्य नव्हते. पुढच्या वर्षासाठी पेशींच्या कामाला हेच एफसीचे प्रोटीन पुन्हा मागवत आहोत, मात्र सगळ्या व्हायल एकाच लॉटच्या हव्यात असे ऑर्डरवर लिहून. जुन्या लॉटच्या तीन नळ्या मी उणे 80 च्या फ्रीझरमध्ये राखून ठेवल्या आहेत. नवा लॉट आला की पहिल्या प्लेटवर तो त्यांच्या शेजारच्या रांगेत लावायचा आहे.