हिपॅटायटिस सी: वेगळं मशीन की दर पेशंटला नवे ग्लोव्हज?

डायलिसिस सेंटर निवडताना नातेवाईक पहिलं विचारतात, सी वाल्यांचं मशीन वेगळं आहे ना? हिपॅटायटिस बी साठी हे बरोबरच, तो व्हायरस पृष्ठभागावर 7 दिवससुद्धा टिकतो, वेगळी खोली, वेगळं मशीन हवंच आणि लस तर घ्याच. सी ला लस नाही, आणि डायलिसिस सेंटरमध्ये तो पसरतो मुख्यतः स्टाफच्या हातांना लागलेल्या रक्तातून, एका पेशंटची सुई काढून त्याच ग्लोव्हजने दुसऱ्याला हात लावला किंवा हेपरिनची (रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध) एकच बाटली बेडबेडवर फिरवली की झालं, मग मशीन वेगळं असून काय उपयोग? केडिगो (KDIGO, किडनीच्या आजारांवर गाइडलाइन काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) च्या 2018 च्या गाइडलाइनमध्येही सी साठी वेगळं मशीन सुचवलेलं नाही. त्यामुळे मी तरी ग्लोव्हज, हात धुणं आणि दोन पेशंटच्या मध्ये बेड-मशीन नीट पुसतात का हेच आधी बघेन, आणि सिस्टरना बिनधास्त विचारेन.