बागेत प्रेसमड टाकू, जिप्सम टाकू की राख? कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त मालाची तुलना

कारखान्याचं गाळप सुरू झालं की बागायतदारांचे फोन वाजायला लागतात, प्रेसमड पाहिजे का, बॉयलरची राख पाहिजे का, डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा टँकर बांधावर आणू का. आणि शेणखताची ट्रॉली दरवर्षी महाग होत चाललीय म्हटल्यावर नुसत्या गाडीभाड्यात मिळणारं काहीही बरं वाटायला लागतं. हे सगळं टाकाऊ आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, यातल्या दोन-तीन गोष्टी खरंच कामाच्या आहेत. पण ऊस किंवा मक्याच्या रानात काही चुकीचं पडलं तर नांगरट आणि दोन पावसाळ्यांत ते बरंच निस्तरता येतं. डाळिंब, मोसंबी, संत्रा, द्राक्ष ही झाडं पंधरा-वीस वर्षं त्याच जागी उभी असतात, वर ठिबकमुळं ओली राहणारी जागा हातभर, पांढरी मुळी सगळी तिथंच, म्हणजे जे टाकाल त्यातच ती मुळी राहणार. त्यामुळं कुठला माल किती रुपयाला हा प्रश्न दुसरा, आपल्या मातीला त्यातलं काय लागतंय हा पहिला.

त्यासाठी माती परीक्षणात चार आकडे पाहिजेतच: पीएच (आम्ल-अल्क किती), ईसी (विरघळलेले क्षार किती, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये), मुक्त चुना आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं टक्केवारीतलं प्रमाण म्हणजे ईएसपी. बरेच जण नुसतं एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) काढून आणतात, त्यावरून यातलं काहीच ठरवता येत नाही. मुक्त चुन्याचा अंदाज तर घरीसुद्धा येतो, ढेकळावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका, चांगलं फसफसलं तर चुना भरपूर आहे समजा (हातमोजे घालून करा बाबांनो). लिंबूवर्गीय झाडांना १० टक्क्यांच्या वर मुक्त चुना असलेली जमीन नकोच असं सांगतात, आणि आपल्याकडं मराठवाडा-विदर्भात अशा जमिनीत मोसंबी-संत्र्याच्या बागा लावून बसलेले कितीतरी आहेत.

आता एकेक माल घेऊ.

प्रेसमड पहिलं, कारण माझ्या मते या सगळ्यात तेच सगळ्यात भरवशाचं. उसाचा रस गाळताना जो गाळ उरतो तो, गाळलेल्या उसाच्या साधारण ३ ते ४ टक्के. ताजं प्रेसमड आणलं तर त्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे एक टन आणला तर कोरडा माल ३०० किलो. त्यात नत्र ४-५ किलो, स्फुरद ६ ते ९ किलो, पालाश दीड ते तीन किलो असा ढोबळ हिशोब धरा. शेणखताच्या एका टनात नत्र ५, स्फुरद अडीच, पालाश ५ किलोच्या आसपास पकडतात. म्हणजे नत्रात दोन्ही सारखेच, स्फुरदात प्रेसमड दुप्पट-तिप्पट पुढं, पालाशमध्ये शेणखताच्या निम्म्याला. शिवाय कॅल्शियम आणि गंधक मिळतं, कारण महाराष्ट्रातले बहुतेक साखर कारखाने रस साफ करायला सल्फिटेशन म्हणजे चुना आणि गंधकाच्या धुराची पद्धत वापरतात. दुसरी पद्धत कार्बोनेशनची, तिच्या प्रेसमडमध्ये चुनाच जास्त असतो, त्यामुळं बाहेरच्या राज्यातनं कोणी माल आणून देत असेल तर हे आधी विचारून घ्या, चुनखडीच्या रानात अजून चुना कशाला?

अडचण येते ती ताजं टाकण्यात. ढीग लावला की ते आतून ६० अंशांच्या पुढं तापतं, तसलं गरम प्रेसमड आळ्यात टाकलं तर पांढरी मुळी भाजलीच समजा. अर्धवट कुजलेल्या मालाकडं हुमणीचे (मुळ्या खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे अंडी घालायला येतात ते वेगळंच, सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हुमणी म्हणजे काय हे सांगायला नको. भारी काळ्या रानात डाळिंबाच्या खोडाशी ओला गच्च थर देऊन ठेवणं म्हणजे मर रोगाला आमंत्रण. त्यामुळं दोन-तीन महिने पलटी मारून कुजवायचं, हात घातला तर गार लागलं पाहिजे, आंबूस वास नको, मातीसारखा वास आला पाहिजे. कुजवताना पाणी उडून ढीग बराच बसतो, लोकांना वाटतं माल कमी झाला, पण गेलं ते बरंचसं पाणी.

कारखान्यावर बायोकंपोस्ट म्हणून मिळतं ते मात्र नुसतं कुजलेलं प्रेसमड नसतं, त्याच्यावर डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी) फवारत फवारत ते दीड-दोन महिने मशीननं पलटलेलं असतं. फायदा असा की प्रेसमडमध्ये जो पालाश कमी पडतो तो यात भरून निघतो. तोटा असा की त्याच्याबरोबर क्षारही येतात, एकाच टँकरातनं दोन्ही आलेत. डाळिंब क्षार बऱ्यापैकी सहन करतं. मोसंबी-संत्र्याला मातीच्या अर्काची ईसी १.७ च्या आणि द्राक्षाला १.५ च्या वर गेली की उत्पादन घटायला सुरुवात होते. खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खताची ईसी ४ पर्यंत चालते आणि कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत लागतं, बायोकंपोस्ट घेताना हे दोन आकडे मागायचेच, द्यायला टाळाटाळ केली तर दुसरीकडं बघा.

अलीकडं प्रेसमडचा बराच माल सीबीजी म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस बनवणाऱ्या प्लांटकडं जायला लागलाय, त्यामुळं फुकटचे दिवस तसेही संपत आलेत. पण त्या प्लांटमधून बाहेर पडणारं घट्ट खत, एफओएम (आंबवलेलं सेंद्रिय खत) म्हणतात ते, बागेसाठी वाईट नाही, कारण तापणारा सगळा भाग टाकीतच कुजून गेलेला असतो. केंद्रानं २०२३ मध्ये त्याला टनामागं १५०० रुपयांचं अर्थसहाय्य मंजूर केलं होतं, तुमच्यापर्यंत त्यातलं किती उतरतं ते दर विचारल्यावर कळेलच.

जिप्समबद्दल थोडं जास्त बोलायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. दुकानदार सांगतो पीएच कमी होईल. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते ॲसिड नाहीये हो. ते काम करतं एकाच ठिकाणी, चोपण जमिनीत, जिथं मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, तिथं जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं, सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं, माती मोकळी होते आणि मग पीएच उतरतो. ईएसपी १५ च्या वर असेल तर जिप्समला पर्याय शोधू नका, प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घ्या आणि तेवढं टाका. पण तुमची जमीन नुसती चुनखडीची असेल, पीएच ८.२, ईएसपी ५-६, तर तिथं कॅल्शियम आधीच पोत्यानं पडलेलं आहे, जिप्समनं त्या पीएचला काहीही होणार नाही, गंधक मिळेल तेवढंच. आणि क्षारपड जमीन, म्हणजे ईसी ४ च्या वर पण सोडियम कमी, तिथं चर काढून निचरा करणं आणि चांगल्या पाण्यानं क्षार धुणं हाच उपाय. निचरा नसेल तर चोपण रानातसुद्धा जिप्सम अर्धंच काम करतं, सुटलेला सोडियम जाणार कुठं?

जिप्सम दोन प्रकारचं मिळतं, राजस्थानातलं खाणीचं आणि खत कारखान्यातलं फॉस्फोजिप्सम. एक टन फॉस्फोरिक ॲसिड बनवताना साडेचार-पाच टन फॉस्फोजिप्सम तयार होतं, त्यामुळं ते स्वस्त असतं. बारीक असतं, लवकर विरघळतं, थोडं आम्लधर्मी असतं आणि थोडा स्फुरदही त्यात राहिलेला असतो, आपल्या जमिनीला हे सगळं चालतं. उलट बाजू म्हणजे रॉक फॉस्फेटमधलं फ्लोराइड आणि थोडं रेडियमही त्यात उतरतं. चोपण रान सुधारायला एकदा-दोनदा टाकणं मला पटतं, पण दरवर्षी सवय म्हणून बेडवर पसरणं नाही पटत. नवीन लागवडीआधी सगळ्या रानात द्यायचं असेल तर फॉस्फोजिप्सम घ्या, उभ्या बागेत थोडंसंच लागणार असेल तर खाणीचं घ्या, फरक असून असून किती पडणार आहे.

मोलॅसिसचं म्हणजे मळीचं पोटॅश, त्यालाच पीडीएम म्हणतात. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश आटवून जाळतात, त्या राखेपासून हे बनतं, यात पालाश किमान १४.५ टक्के लागतो. २०२१ पासून ते सबसिडीच्या यादीत आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना विकायचा दर टनाला ४२६३ रुपये ठरला होता. आता तुलना करताना पोत्याची करू नका, पालाशच्या किलोची करा. झाडाला २०० ग्रॅम पालाश द्यायचं असेल तर एमओपी (पोटॅशियम क्लोराइड) ३३३ ग्रॅम लागतं, एसओपी (पोटॅशियम सल्फेट) ४०० ग्रॅम, आणि पीडीएम जवळपास १ किलो ४०० ग्रॅम. त्या ४२६३ च्या दरानं पालाश किलोला २९-३० रुपयाला पडतो, आणि तो कारखान्याच्या गेटवरचा दर आहे, गोणी, वाहतूक, दुकानदार सगळं त्याच्यावर. तुमच्या गावात पोतं कितीला मिळतंय ते बघून भागाकार करा, मग स्वस्त वाटणारं पोतं खरंच स्वस्त आहे का ते दिसेल. क्लोराइड त्यातही असतं, कारण उसातलं क्लोराइड मळीतनं तिथवर येतंच, त्यामुळं द्राक्ष आणि लिंबूवर्गीयला मी एसओपीच धरतो. पीडीएम ठिबकमधून सोडायचा विचार सोडून द्या, राखच ती शेवटी, न विरघळणारा भाग ड्रिपर बंद करतो. जमिनीतून द्यायचं, डाळिंब-केळीला, ज्यांचं पाणी आणि माती गोडी आहे त्यांनी, तिथं चालेल.

राखेत दोन प्रकार आणि लोक दोन्हीला राखच म्हणतात. साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख म्हणजे मुख्यतः सिलिका, न जळलेला कोळसा आणि थोडंफार पालाश. मुरमाड रानात खड्डे भरताना शेणखतात मिसळली तर पाणी धरायला मदत होते, बाकी खत म्हणून तिच्याकडं बघू नका. दुसरी औष्णिक वीज केंद्राची फ्लाय ॲश, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, दीपनगर या भागात ढिगानं मिळते, सरकारचाही आग्रह आहे की सगळी राख कुठंतरी वापरली जावी. पण ती राख कुठंतरी खपवायचीय ही वीज केंद्राची गरज झाली, तुमच्या संत्र्याला ती पाहिजेच असं नाही. नत्र त्यात जळून गेलेलं, सेंद्रिय कर्ब नाही, बोरॉन आणि जड धातू मात्र कोळशाबरोबर आलेले, आणि आपल्याकडं मिळणारी बरीचशी राख अल्कधर्मी बाजूलाच झुकलेली. जमीन आधीच ८ च्या वर, लोह-जस्ताअभावी पानं पिवळी पडलेली, तिथं हायवा भरून राख टाकून मिळवणार काय? भारी माती भुसभुशीत होते हे खरंय, पण त्यासाठी एकराला टनावारी टाकावी लागते, आणि एवढी टाकल्यावर ती परत काढता येत नाही. घ्यायचीच झाली तर शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम यांचा रिपोर्ट घ्या, सेंद्रिय खताला कॅडमियमची मर्यादा किलोमागं ५ मिलिग्रॅम आणि आर्सेनिकची १० आहे, निदान तिच्याशी ताडून बघा.

कोकणात मात्र हिशोब उलटा होतो. जांभी माती, तीन हजार मिलिमीटर पाऊस, चुना-मॅग्नेशियम सगळं धुऊन गेलेलं, पीएच ५-६. हापूस-काजूच्या बागेत आम्लता कमी करणारा माल चालतो, अल्कधर्मी राख किंवा पोलाद कारखान्याचा दळलेला स्लॅग (धातू वितळवताना उरणारा कचरा), ज्यात चुन्याचा भाग चांगला ४० टक्क्यांच्या वर असतो. घाटावरचा शेतकरी ज्याला हात लावणार नाही ते तिथं उपयोगी पडू शकतं. धातूंचा रिपोर्ट तिथंही लागतोच आणि पीएच ६.५ च्या पुढं न्यायचा नाही. प्रेसमड घाट उतरवून नेणं मात्र गाडीभाड्यात परवडत नाही, निम्म्याहून जास्त पाणीच वाहून न्यायचं असतं ना.

कच्च्या स्पेंटवॉशबद्दल लांबण लावत नाही. बीओडी (त्यातला माल कुजताना किती ऑक्सिजन खातो त्याचं माप) लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅम, जमिनीवर सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा १००. पीएच ४ च्या आसपास असल्यामुळं चोपण, चुनखडीच्या पडीक रानात लागवडीच्या कितीतरी आधी एकदाच, मोजून, विद्यापीठाच्या देखरेखीखाली वापरायचे प्रयोग झालेत, ते वेगळं. उभ्या बागेत टँकर रिकामा करू देऊ नका, मातीतली हवा संपते आणि पुढं विहिरीचं पाणी चहासारखं होतं. आणणारा म्हणेल यात पोटॅश आहे, आहेच, हजार लिटरमागं दहाएक किलो. पण बाकीचं जे येतं त्याचं काय करणार?

मग मी काय निवडेन? सांगोला-पंढरपूरकडची मुरमाड डाळिंबाची बाग असेल तर कुजवलेलं प्रेसमड आणि शेणखत निम्मं-निम्मं, पालाशसाठी पीडीएम आणि एसओपीमध्ये किलोच्या हिशोबानं जे बसेल ते. जालना-छत्रपती संभाजीनगरची चुनखडीची मोसंबी असेल तर सल्फिटेशनचं कुजलेलं प्रेसमड, बायोकंपोस्ट कमी ईसीचं मिळालं तरच, जिप्सम ईएसपी बघितल्याशिवाय नाही, राख अजिबात नाही. वरुड-मोर्शीच्या संत्र्याला तेच लागू, फक्त प्रेसमड लांबून आणावं लागतं, भाडं धरून शेणखत किंवा गावातलंच कंपोस्ट स्वस्त पडत असेल तर उगाच हट्ट करू नका. तासगाव-मिरजेकडची क्षारपडीला लागलेली द्राक्षबाग असेल तर आधी निचऱ्यावर खर्च करा, खताचं नंतर बघू.

माल ठरला तरी गाडी लगेच बोलवू नका. ढिगाच्या चार-पाच ठिकाणांहून, वरचा थर बाजूला सारून, दोन किलो नमुना घ्या आणि ईसी, पीएच, ओलावा एवढं तरी तपासा, एकाच कारखान्याचा डिसेंबरचा आणि मार्चचा माल सारखा नसतो. बहाराचा ताण (फुलोऱ्यासाठी बंद ठेवलेलं पाणी) तोडायच्या आधी छाटणीबरोबर आळ्यात मिसळायचं असेल तर त्याच्या तीन महिने आधी ढीग लागलेला पाहिजे. आणि पहिल्या वर्षी पूर्ण बागेला देऊ नका, दोन ओळींना द्या, पालवी आणि पांढरी मुळी उकरून शेजारच्या ओळीशी ताडून बघा, मग बाकीच्या बागेचं ठरवा.